अठरा मिनिटांवरचा डोंगर

एका जंगलात, बाळांनो, दोन विमानतळ होते. विमान मात्र नव्हतं.

राजा सिंहाला फिती कापायची भारी हौस. एका विमानतळाला फीत एकच लागते, म्हणून त्याने दोन बांधले. एक उत्तरेला काटेसावरीच्या माळावर, दुसरा दक्षिणेला करवंदीच्या डोंगरावर. दोन्हीकडे चौकशीची खिडकी होती आणि खिडकीत एकेक सरडा.

माळावर गोदाक्का नावाची साळिंदरीण राहायची. तिची धाकटी बहीण तानू डोंगरावर दिलेली. एके सकाळी कबुतराने निरोप आणला, तानूचं काही खरं नाही, भेटायचं तर आत्ताच निघा.

गोदाक्का तडक खिडकीपाशी गेली.

“भाऊ, करवंदीचा डोंगर किती लांब?”

“हवाई अंतर साठ कोस,” सरडा म्हणाला. “प्रवासाचा वेळ अठरा मिनिटं.”

“अगबाई, म्हणजे भात शिजायच्या आत. विमान कधी सुटतं?”

“विमान नाही.”

“मग अठरा मिनिटं कशाची?”

“अंतराला विमानाच्या वेगाने भागलं की येतात.”

“जे नाहीच, त्याच्या वेगाने?”

सरड्याने मान हलवली. “आक्का, असतं तर तेवढाच असता. मी तीनदा ताळा केलाय.”

“आणि पायी गेलं तर?”

“ती चौकशी डोंगरावरच्या खिडकीत.”

गोदाक्काचे काटे उभे राहिले. मग तिने ते आवरले. भांडत बसायला सवड नव्हती. चार कंद फडक्यात बांधून ती चालू लागली.

ओढे लागले, घाट लागला. एक गोष्ट मनात आणायची नाही असं तिने ठरवलं होतं. तीच सारखी येत होती.

“कुठे निघालात?” वाटेत एका कासवाने विचारलं.

“इथेच. अठरा मिनिटांवर.”

“मग जरा पाय उचला,” कासव म्हणालं.

नवव्या दिवशी दुपारी ती डोंगरावर पोचली. तानूच्या बिळाबाहेर शेजारपाजार गोळा झाला होता. गोदाक्का थबकली.

शेजारची खार पुढे आली. “आत जा आक्का. वाट बघतेय.” मग हळूच म्हणाली, “वैद्यांनी पहिल्याच दिवशी हात टेकले. पण ही आम्हाला सारखी खिडकीवर पिटाळायची. सरडा म्हणायचा, अठरा मिनिटं. ही म्हणायची, एवढा वेळ तर काढते. असे नऊ दिवस काढले बघा.”

गोदाक्का आत गेली. तानूने डोळे उघडले.

“आलीस? विमानात कशी होती गं जागा?”

“खिडकीपाशी मिळाली.”

“भाग्याची आहेस. पण पाय केवढे सुजलेत तुझे.”

“विमानात बसून बसून सुजतात,” गोदाक्का म्हणाली आणि तिने पाय पोटाशी घेतले.

दोघींनी दुपारभर गप्पा मारल्या. आईच्या, माळावरच्या, एका चोरलेल्या रताळ्याच्या. तानू दोनदा हसली. ऊन उतरलं तशी ती गेली.

तात्पर्य: प्रवासाला किती वेळ लागेल, हे चालणाऱ्याने सरकारी खिडकीत कधी विचारू नये. वाट पाहणाऱ्याने मात्र तिथेच विचारावं.