पर्णिकेच्या पाण्याची बखर

श्री. वाणीस नमन, जिने अक्षर दिले; विजेस नमन, जिने ते अक्षर तारेवाचून मुलखापार नेले. शके १९४४ शुभकृतनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, एके दौलतीत जे वर्तमान घडले त्याची विचारणा जाहली की जैसे घडले तैसे लिहोन द्यावे, पदरचे काही घालू नये. ऐसियास लिहिले आहे. त्या दौलतीचे नाव लिहिण्याची मनाई आहे, आणि ती नकाशावर शोधू जाता सापडणारही नाही, कां की तिला माती नाही आणि तटबंदीही नाही, तिचा अवघा विस्तार मोबाइलच्या वीतभर काचेत. रयत सारी मराठी बोलणारी, कोणी बार्शीस, कोणी चिपळुणास, कोणी परमुलखी नोकरीवर, आणि एकमेकांचे तोंड कोणी पाहिलेले नाही. दिवसा आपापल्या पोटामागे असावे, आणि सवड होताच त्या काचेत उतरोन कोणी सरदार व्हावे, कोणी मांत्रिक व्हावे, कोणी राक्षस व्हावे, आणि आपले पात्र काय बोलले, काय केले ते लिहावे, मग दुसऱ्याने त्यास आपल्या पात्राचे उत्तर लिहावे, आणि ऐसे लिहिता लिहिता अरण्ये वाढली, नद्या वाहू लागल्या, लढाया जाहल्या आणि लग्नेही जाहली. शहाणे लोक यास रिकामपणाचा उद्योग म्हणत. म्हणोत बापडे.

दौलतीत कायदे थोडे, पण कडक. नवे पात्र वेशीशी आले म्हणजे कारभारीणबाईंनी त्याचे नाव, गाव, विद्या विचारावी, आणि शेवटी खोट विचारावी. ज्याचे अंगी खोट नाही त्यास आत घेऊ नये, कां की बिनखोटीचे पात्र दगडाचे राहते, वाढत नाही, हा बाईंचा अनुभव. दुसरा कायदा ऐसा की आपल्या पात्राचे आपणच लिहावे. दुसऱ्याच्या पात्रास हसवू नये, रडवू नये, घोटभर पाणीदेखील पाजू नये. तिसरा कायदा कंसाचा. जे उघडे लिहिले ते दौलतीतले. आणि ज्यास आपल्या खऱ्या घरचे काही सांगणे असेल, वीज गेली, पोरास ताप आला, साहेब रागावले, त्याने ते कंसात लिहावे. कंसात माणूस आणि कंसाबाहेर पात्र. हे सर्वांच्या इतके अंगवळणी पडले होते की हा कायदा आहे, आणि बाहेरच्यास तो ठाऊक नसेल, हेच कोणाच्या ध्यानी येईना. आणि त्यापायीच पुढला घात जाहला.

बार्शीस निरंजन सोनटक्के म्हणोन एक असामी होते. नगरपालिकेत पाणी सोडण्याच्या कामावर. चावी फिरवून एकेका पेठेस पाणी द्यावे, आणि ज्या पेठेची पाळी नाही तिच्या शिव्या खाव्या, ही त्यांची चाकरी. रस्त्याने जाता बायका दारातून विचारीत, "आज तरी सोडणार का, का उद्यावर ढकलायचं?" आणि निरंजनराव मान खाली घालून सायकल पुढे काढीत. सबब दौलतीत ते सेनापती कालकेतू जाहले. एक डोळा लढाईत गेलेला, दुसऱ्यातून अंगार, आणि आवाज ऐसा की नगाऱ्यास लाज वाटावी. खोट विचारता त्यांनी 'अति शूर' ऐसे लिहिले. बाईंनी कंसात लिहिले, (ही खोट नाही, ही जाहिरात झाली.) मग नाइलाजे 'गर्विष्ठ' लिहून आत आले, आणि पुढे बहुत दिवस सेनापतींनी यावे, चार डोकी उडवावी, खदखदा हसावे आणि जावे, याउपरी त्यांच्यात काही वाढ जाहली नाही.

मग वेशीशी पर्णिका आली. अरण्यात राहणारी, धनुष्य चालविणारी, झाडांचे बोलणे जाणणारी. खोट विचारता उत्तर आले की, पाणी मोजून पिते. बाई म्हणाल्या, (ही खोट कसली, ही तर लहर.) त्यावर लिहिणारीने लिहिले, (असू द्या ना. मला तिचं एवढंच पक्कं माहीत आहे.) लिहिणारीचे नाव चारुता कुलथे, राहणार चिपळूण, नंबर बाईंच्या दप्तरी, याउपरी कोणी पुसले नाही आणि तिने सांगितले नाही. ऐशी पर्णिका आत आली, आणि एके लढाईनंतर सेनापती हसून निघाले तो तिने वाट अडवून विचारिले, "सेनापती, लढाई नसते त्या दिवशी आपण काय करता?" निरंजनराव दिवसभर चावीपाशी बसोन विचार करीत राहिले, आणि मग लिहिले की, त्या दिवशी सेनापती तबेल्यात जातात आणि घोड्याच्या आयाळीत अडकलेले गोखरू एकेक करून काढतात, कां की घोडा त्यांस मूर्ख म्हणत नाही. तेथून कालकेतू वाढू लागले. त्यांस आई आली, गेलेल्या डोळ्याची खरी हकीकत आली, आणि पावसाळी हवेत दुखणारा गुडघा आला. पर्णिकेने विचारावे आणि सेनापतींनी आपल्यातले काही शोधून द्यावे, ऐसे दोन वर्षे चालले. बदल्यात सेनापतींनी तिच्या पाण्यावरून तिची टर उडवावी. दारात नदी आणि बाई वाटीने पाणी पिते, नदी काय विकत आणली, ऐसे ते भर दरबारी विचारीत, आणि ती म्हणे, "सेनापती, मी तहान पुरवून पुरवून वापरते." दरबार हसे. निरंजनराव बार्शीस एकटेच हसत. त्यांचा जीव त्या बोलण्यात गुंतला होता, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु कंसात एक अक्षर विचारण्याचे धैर्य, सेनापती असोनही, त्यांस कधी जाहले नाही.

ऐसे असता मार्गशीर्षात पर्णिका काही दिवस गप्प राहिली. मग एके सकाळी तिच्या नावे अक्षरे उमटली: "ती काल दुपारी गेली. आपण सर्वांनी तिला जीव लावलात. आम्ही आभारी आहोत." कंस नव्हता. दौलतीस वाटले की चारुताने नवे कथानक काढिले, पर्णिकेच्या झोपडीतली कोणी दासी हे सांगते आहे. आणि बहुत दिवसांनी खेळास रंग चढला म्हणोन जो तो लेखणी परजून धावला. सर्वांआधी कालकेतू धावले. नौबत वाजविली, घोडे काढविले आणि गरजले, "कोठे गेली? घागरभर पाणी दिसले आणि भिऊन पळाली असेल. कोणत्या वाटेने गेली ते सांगा." पलीकडून काही वेळाने उत्तर आले, "नदीकाठच्या वाटेने नेली." नेली म्हणताच दौलतीस उधाण आले. गेली नव्हे, तर नेली. म्हणजे हे हरण जाहले. मांत्रिकाने अंजन घातले, राक्षसांनी आपण त्यात नसल्याची शपथ घेतली, आणि सेनापतींनी पुसले, "कोणी नेली?" या वेळी उत्तरास फार उशीर लागला. मग आले, "चौघांनी."

हे वाचून कोणाच्या तरी काळजात चर्र व्हावे की नाही? परंतु खेळात शिरलेल्या माणसास घरचे शब्द ओळखू येत नाहीत. सेनापती रिकिबीत उभे राहिले आणि अवघ्या फौजेसमोर बोलिले की, त्या चौघांची मुंडकी वेशीवर टांगीन, कोणाच्या बापास सोडणार नाही. त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. आणि रांगेच्या शेवटी पर्णिकेच्या नावे लिहून आले: "त्या चौघांत एक मी होतो. मी तिचा बाप. भास्कर कुलथे. चारुताचे मूत्रपिंडाचे दुखणे जुने होते."

फौज घोड्यांवर बसली होती ती तैसीच बसोन राहिली, मांत्रिकाचा हात अंजनात तैसाच राहिला, कां की घोडे मागे फिरले इतके लिहिण्याचीही कोणास छाती होईना. बार्शीस निरंजनरावांनी चावी उघडली ती बंद करण्याचे भान राहिले नाही, आणि त्या दिवशी एका पेठेस दुप्पट पाणी मिळोन तेथील बायकांनी त्यांस प्रथमच दुवा दिला, तो त्यांस शिवीहून कठीण गेला. पाणी मोजून पिते, हे त्यांच्या मनात फिरत राहिले. कारभारीणबाईंनी कंसात पुसले की, (हे सारं पुसून टाकू का?) आणि निरंजनरावांनी लिहिले की, (आधी त्यांच्याशी बोलतो.) मग बाईंकडून चिपळूणचा नंबर घेतला, आणि भर दुपारी, पंपाच्या खोलीत, दार लोटून फोन लाविला.

"काका, मी निरंजन. बार्शीहून बोलतोय. ते सेनापती... ते मीच."

"कालकेतू ना?" भास्करराव म्हणाले. "बोला की. गुडघा कसा आहे?"

निरंजनरावांस हुंदका आवरेना. "काका, चुकलं बघा माझं. मला वाटलं गोष्टच चाललीय. तुम्ही कंस टाकला नव्हता, त्यामुळं आम्हाला कळलंच नाही."

"कसला कंस?"

मग त्यांनी कंसाचा कायदा सांगितला. भास्करराव एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते, ते म्हणाले, "मला हो काय ठाऊक. मी जन्मभर गाड्यांची नावं पुकारली. जे असेल ते सरळ बोलायचं, एवढंच येतं मला. आणि तुम्ही कशाला रडताय? इथे भेटायला येतो तो सुटली बिचारी, असं म्हणतो. सुटली, सुटली. हिला, चारुताच्या आईला, ऐकवेना ते. मग मी तुमचं वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, हे लोक शोधायला निघालेत. घोडे काढलेत तुम्ही तिच्यासाठी." पुढे म्हणाले, "डायलिसिसला बसायची ना, तेव्हा एक हात बांधलेला आणि दुसऱ्या हाताने तुमच्याशी भांडायची. हसली की सिस्टर ओरडायच्या, हात हलवू नको म्हणून. पाणी डॉक्टरांनी मोजूनच सांगितलेलं, असं वाटीने द्यायचो आम्ही. उन्हाळ्यात बर्फाचा खडा चघळत बसायची. मागायची नाही कधी." मग म्हणाले, "एक विचारू का? तिकडे तरी ती पोटभर पाणी पीत होती ना?"

निरंजनरावांच्या ओठांवर होकार आला. एक शब्द, आणि म्हाताऱ्याचे समाधान जाहले असते. परंतु दोन वर्षांचे लिखाण त्याच्याच हातातल्या काचेत होते, आणि त्याहून अधिक, ज्या मुलीने आपल्याकडून कधी खोटे लिहून घेतले नाही तिच्याविषयी खोटे बोलणे त्यांस जमेना. म्हणाले, "नाही काका. तिकडं पण मोजूनच प्यायची. आम्ही हसायचो तिला."

पलीकडे कोणी बाई हळूच काय म्हणतात म्हणोन पुसत होती, तिला उत्तर मिळाले नाही. मग भास्करराव म्हणाले, "मग पाजा की आता. तुम्ही लिहिता ना तिथे?"

"मला नाही येत पाजता. दुसऱ्याच्या पात्राला घोटभर पाणीसुद्धा पाजायचं नाही, असा नियम आहे. चारुतानं कधी मोडला नाही."

"मग कोण पाजणार?"

"तिचा मोबाइल ज्याच्या हातात आहे त्यानंच लिहायचं, काका."

कायद्याचा हा अर्थ निरंजनरावांनी तेथल्या तेथे लाविला. पुढे कारभारीणबाईंनी तो कबूल केला. भास्करराव बरे म्हणाले आणि फोन ठेवणार तो थांबले. "ते कंस घालू का?"

"नको काका. कंस नको."

निरंजनराव पंपाच्या खोलीत काचेकडे पाहत बसले. म्हातारा एका बोटाने लिहीत असावा, कां की बहुत वेळ लागला. मग पर्णिकेच्या नावे उमटले: "पर्णिका नदीवर आली. ओंजळीने पाणी प्याली. पोट भरेपर्यंत प्याली. कोणी मोजले नाही." गाडी फलाटास लागल्याचे पुकारावे तैसे सरळ. त्याखाली सेनापती कालकेतूंनी लिहिले की, सेनापती घोड्यावरून उतरले, फौजेस म्हणाले की शोध लागला, आणि पर्णिकेचे पाणी पिणे होईतो अवघी फौज काठावर पायउतार उभी राहिली. मग एकेकाने येऊन आपले पात्र तेथे उभे केले. कोणी मांत्रिक, कोणी राक्षस.

येणेप्रमाणे मार्गशीर्षातले वर्तमान. चारुता कुलथे चिपळुणास निवर्तली, पर्णिका दौलतीत आहे. तिची खोट वेशीवर लिहिलेली होती तैसीच ठेविली आहे, पुसली नाही. निरंजनराव बार्शीस पाणी सोडतात आणि बोलणी खातात. दौलतीच्या कायद्यात त्यांच्या विनंतीवरून एक कलम वाढविले, ते ऐसे की, कोणी गप्प जाहले, अगर कोणी गेली ऐसे लिहून आले, तर घोडे काढण्याआधी एकाने कंसात विचारावे: (बरी आहेस ना?)