जुनं द्या, नवं घ्या

आमच्या बँकेचं कॅलेंडर फुकट मिळायचं, पण सहजासहजी मिळायचं नाही. त्यासाठी आधी गेल्या वर्षीचं परत द्यावं लागायचं. हा नियम मॅनेजरसाहेबांचा नव्हता आणि संचालक मंडळाचाही नव्हता. तो दफ्तरीमामांचा होता. मॅनेजरसाहेबांचे नियम लोक खुशाल मोडत. मामांचा मोडायची कुणाची छाती नव्हती.

जानेवारी लागला की मामा सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून निघत. कोटाच्या खिशात चिमुकली हातोडी आणि चार खिळे. खातेदाराच्या दारात चपला काढायच्या, "खैरियत?" म्हणत आत शिरायचं आणि थेट भिंत गाठायची.

"जुनं द्या, नवं घ्या. दस्तूर हाय."

मग स्वतःच्या हातानं जुनं उतरवायचं, फुंकर मारून धूळ उडवायची, खिळा हलवून बघायचा, ढिला असला तर ठोकायचा आणि नवं लटकवायचं. जुन्याची गुंडाळी पिशवीत. एक वकील म्हणाले, "मामा, जुनं कधीच बंबात घातलं." मामांनी हातातलं नवं कॅलेंडर पुन्हा पिशवीत टाकलं. "मग ह्ये बी बंबातच घालताल." वकीलसाहेब ते वर्षभर तारीख बघायला शेजारच्या शिंप्याकडे जात होते.

दफ्तरी म्हणजे जुने कागद वर्षवार लावून, कापडात बांधून ठेवणारा माणूस. कापडातल्या त्या गठ्ठ्याला बस्ता म्हणायचं. पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी मामा निजामाच्या कुठल्याशा कचेरीत हेच काम करत. राज्य बदललं, कचेरी बदलली, पण मामांनी बस्त्याची गाठ बदलली नाही. शिक्षण उर्दूतलं, मराठी वाचायला मागाहून शिकलेले, त्यामुळे बोलण्यात मराठवाड्याची मराठी आणि दरबारी उर्दू या दोघी शेजारणींसारख्या नांदायच्या.

मी त्या बँकेतली पहिली बाई कारकून. आता ज्याला संभाजीनगर म्हणतात त्या तेव्हाच्या औरंगाबादेत, गुलमंडीच्या मागच्या बोळात दोन खोल्यांची बँक. मी गंगापूर तालुक्यातल्या खेड्यातून शिकायला मावशीकडे आलेली, बी.कॉम. झालेली आणि रहस्यकथा वाचून वाचून डोकं बिघडवून घेतलेली. वय तेवीस. त्या वयात मला सगळं कळायचं. आता नातवंडांची लग्नं झाली, तर दरवर्षी थोडं थोडं कमी कळतंय.

तर माझ्या या तल्लख डोक्याला मामांचा संशय आला. कारण मामांना खातेदारांचं सगळं ठाऊक असायचं. बाई दारात दिसली की, "काय वहिनी, खुब्यातली कळ थांबली का?" कुणी सायकल लावत असेल तर, "म्हैस व्याली व्हय? दिवस भरले असतील की." लोक चकित व्हायचे, मग खूश व्हायचे आणि आपलं काम विसरून दहा मिनिटं मामांपाशी बसायचे. एकदा हर्सूलची भिमाबाई धनगरीण भर गर्दीत आली. काउंटरकडे बघितलंसुद्धा नाही. मामांचे दोन्ही हात धरून म्हणाली, "वाचली रं बाबा मेंढरं," आणि तशीच परत गेली. बँकेत मेंढरांचं खातं नव्हतं. मग याला कळतं कुठून?

शिवाय माझ्यावर त्यांचा काही राग असावा, अशीही माझी खात्री होती. काउंटरवर एखादी म्हातारी माझ्याशी जरा गप्पा मारू लागली, "लेक कुणाची गं तू? लग्नाचं काय?" इथवर आली की आतून मामांची हाक यायची.

"ताई, तीन सालाआधीचा बस्ता आणा बरं!"

मी आत जायची, धुळीत हात घालून बस्ता काढायची, तर मामा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. "ऱ्हाऊ द्या तितंच." महिन्यातून पाच-सहा वेळा तरी. मी मनातल्या मनात त्यांना छळवादी दफ्तरी म्हणत असे.

मग एका रविवारी मामा आमच्याकडे आले. मावशीचं खातं जुनं. मी आत केस पुसत होते. "खैरियत?" ऐकू आलं, हातोडीचे दोन ठोके ऐकू आले आणि मी बाहेर येईतो जुन्या कॅलेंडरची गुंडाळी पिशवीत गेलेली.

मावशी सगळं कॅलेंडरवर लिहायची. 'दूध नाही.' 'नळ आला नाही.' 'कोंबडी बसवली.' आणि त्याच गिचमिड अक्षरात, 'सुमीला पाहायला येणार.' सुमी म्हणजे मी. वर्षभरात असे पाच चौकोन, आणि प्रत्येकाखाली निकाल. 'उंची.' 'नोकरी करते म्हणून.' 'कळवतो म्हणाले.' 'पुन्हा उंची.' आणि पाचव्याखाली, 'सुमी जास्त बोलली.'

हे सगळं आता बँकेच्या दफ्तऱ्याच्या पिशवीत! त्या क्षणी मला रहस्य उलगडलं. हा माणूस लोकांच्या भिंती वाचतो.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरसाहेबांना अर्ज दिला. पावणेदोन पानं. त्यात 'ग्राहकांच्या खाजगी जीवनाची गुप्तता' असे शब्द तीनदा होते आणि माझ्या पाच चौकोनांबद्दल अवाक्षर नव्हतं. साहेब मुळात घाबरट. त्यांनी मामांना बोलावलं. कॅलेंडरवाटप बंद. यापुढे कॅलेंडर पोस्टानं जाईल. जुनी सगळी बँकेत आणून जाळायची, आणि त्याआधी या बाई तुमच्या घरी येऊन यादी करतील.

मामांनी वाद घातला नाही. टोपी हातात घेऊन एवढंच विचारलं, "मग लोकांच्या घरी कोण जाणार?"

"पोस्टमन जाईल की."

"पोस्टमन आत जात नाय, साहेब."

रविवारी दुपारी मी वही-पेन्सिल घेऊन बेगमपुऱ्यात मामांच्या खोलीवर गेले, गुन्हेगाराच्या अड्ड्यावर जावं तशा चालीनं. एकच खोली. एक खाट, एक स्टोव्ह आणि तीन भिंतींना टेकून लाल कापडातले बस्ते. प्रत्येकावर उर्दूत काहीतरी लिहिलेलं.

"ह्ये हर्सूल," मामांनी एक गाठ सोडली. "ह्ये भिमाबाईचं. तिला लिव्हता येत नाय. कोकरू झालं की कोळशाची रेघ, दगावलं की फुली. शेवटल्या पानावर बघा, फुल्याच फुल्या. म्या इचारलं तवा म्हातारी रडाया लागली. मग जनावराच्या डागतरला सायकलवर मागं बसवून नेला. लई जड माणूस."

मी यादी करायची विसरले. मामा पानं उलटत होते. कुणाच्या नळाचं, कुणाच्या बाळंतिणीचं, कुणाच्या खुब्याचं.

"पण मामा, सरळ विचारायचं ना लोकांना."

"इचारलं की लोक 'बरं हाय' म्हणत्यात, ताई. अन् खरं काय ते भिताडावर लिव्हत्यात."

मग मी खरं ज्यासाठी आले होते तेच विचारलं. "आमच्या मावशीचं कुठाय?"

मामा खाटेखाली वाकले. ट्रंकेतून एक गुंडाळी काढली, सुतळीनं घट्ट बांधलेली. "ह्ये बस्त्यात नाय ठेवलं. कुनाच्या हाती लागाया नगं."

"वाचलंत?"

"वाचलं. त्याच्या आधल्या सालचं बी वाचलं व्हतं."

त्याच्या आधल्या साली मी नुकती नोकरीला लागले होते. तेव्हाही तीन चौकोन होते. मी मनात हिशेब जुळवत गेले आणि माझे कान तापले. तीन सालाआधीचा बस्ता. "म्हणून तुम्ही मला सारखं आत बोलवत होता?"

"भायेर लोक उगा इचारत्यात," मामा गाठ बांधत म्हणाले. "आतले कागद काय इचारत नायत."

जी सुमी जास्त बोलते म्हणून नाकारली गेली होती, तिच्या तोंडून पुढची पाच मिनिटं शब्द फुटला नाही. मावशीनं ते बघितलं असतं तर कॅलेंडरवर नोंद केली असती.

नजर चुकवायला मी भिंतीकडे बघितलं. खिळ्यावर नवं कॅलेंडर, खाटेच्या उशाशी स्वतःचं जुनं. ते मी उचललं. सवयच तशी, दुसऱ्याचं उघडून बघायची. जानेवारी कोरा. फेब्रुवारी कोरा. डिसेंबरपर्यंत उलटत गेले, कुठं पेन्सिलीचा ठिपका नाही.

"माज्याकडं काय व्हतंय लिव्हायला?" मामा हसले. "सकाळी बँक, सांजच्याला खोली. तारखा येत्यात अन् जात्यात."

मामांची माणसं होती की नव्हती, होती तर कुठं गेली, हे मी विचारलं नाही. आयुष्यात मी न विचारलेला तो बहुतेक एकच प्रश्न. उठले, भिंतीपाशी गेले आणि यादीच्या पेन्सिलीनं पुढच्या रविवारच्या चौकोनात लिहिलं, 'सुमीच्या मावशीकडे जेवायला.'

"ह्ये काय?"

"दस्तूर," मी म्हटलं आणि जिना उतरले.

सोमवारी साहेबांकडून अर्ज परत घेतला. "यादी केली. घातक काही सापडलं नाही," असं सांगितलं. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला, कारण पोस्टाची तिकिटं कुणी आणायची हा प्रश्न त्यांना आठवडाभर सतावत होता. एकच अट घातली. मामांबरोबर या बाईंनी जायचं आणि जुनं नेण्याआधी घरच्यांना विचारायचं. मी प्रत्येक दारात विचारत गेले. लोक माझ्याकडे खुळ्यासारखं बघत आणि कॅलेंडर मामांच्या हातात देत. शिंप्याशेजारच्या वकीलसाहेबांना आम्ही माफ केलं.

रविवारी मामा जेवायला आले, इस्त्रीचा कोट घालून. मावशीनं पुरण घातलं होतं. त्यानंतरही येत गेले. त्या वर्षी मावशीच्या कॅलेंडरात नवव्यांदा मला पाहायला येणारे आले आणि खाली 'जमलं' असं लिहिलं गेलं. पण ते राहू द्या.

पुढच्या जानेवारीत सगळी घरं झाली, पिशवीत शेवटचं कॅलेंडर उरलं. ते मी बेगमपुऱ्यात घेऊन गेले. दारात चपला काढल्या, मामांच्याच आवाजात "खैरियत?" म्हटलं आणि भिंत गाठली. जुन्याची पानं उलटली. माझा तो चौकोन अजून ठळक होता. पुढे आणखी काही चौकोनांत बारीक उर्दू अक्षरं. मला वाचता येईनात.

"जुनं द्या, नवं घ्या."

मामा माझ्या आणि भिंतीच्या मधे येऊन उभे राहिले. "ह्ये नाय देत."

"दस्तूर हाय, मामा."

"दस्तूर म्याच केला व्हता," मामा म्हणाले. त्यांनी कोटाच्या खिशातून हातोडी काढली, जुन्याशेजारी वीतभर अंतरावर दुसरा खिळा ठोकला, हलवून बघितला आणि नवं कॅलेंडर घ्यायला माझ्याकडे हात केला.