टाळ्या मफी, गाणं मफी

पास्कलभाऊंकडे टीव्हीवर गाणी ऐकायची तर बूट घालून जावं लागतं. आम्ही पुणेकर, चपला दाराबाहेर काढणारे; पण इथे बहारीनमध्ये, जिदहफ्समधल्या आमच्या इमारतीत एकच जिना उतरायचा असला, तरी मी मोजे चढवतो. "कॉन्सर्टला कोण अनवाणी येतं, साहेब?" हा त्यांचा सवाल.

कॉन्सर्ट दर शुक्रवारी दुपारी चारला. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून पास्कलभाऊंची चर्चमधली मिस्साही शुक्रवारीच. ते वसईचे, अस्करच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात क्रेन चालवतात आणि एकटे राहतात. मिस्सा झाली, जेवण झालं की त्यांचं दुसरं दैवत. चार गाजलेल्या रॉक बँडमधून एकेक जण येऊन जमलेला एक बँड आहे, चौघेही सत्तरीपुढचे. पास्कलभाऊ त्यांना 'आपले म्हातारे' म्हणतात. म्हातारे युरोपात कुठेही वाजवोत, त्याचं रेकॉर्डिंग पुढच्या शुक्रवारी सोफ्यासमोर हजर.

सोफ्यावर मी आणि माझी बायको वैशाली. मधे उठायचं नाही, बोलायचं नाही. कार्यक्रम संपत आला आणि म्हातारे स्टेजवरून आत गेले की पास्कलभाऊ टीव्ही थांबवून आमच्याकडे बघतात. आम्ही हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवायच्या. तोवर म्हातारे परत येऊन शेवटचं गाणं वाजवत नाहीत.

"टाळ्या मफी, गाणं मफी," हा त्यांचा नियम. अरबीत मफी म्हणजे 'नाही'. वैशालीने एकदा हातात चहाचा कप होता म्हणून नुसती मांडीवर थाप मारली, तर टीव्हीवरचं चित्र जागचं हललं नाही.

"टाळ्यांचं एवढं काय हो तुम्हाला?" तिने शेवटी विचारलंच.

तेव्हा कळलं. तरुणपणी पास्कलभाऊ वसईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नाला तोच बँड, मयताला तोच. एका आठवड्यात लागोपाठ तीन मयतं झाली आणि लगेच एक लग्न. नवरा-नवरी चर्चच्या दारातून बाहेर पडली आणि पास्कलभाऊंची बोटं सवयीने मयताच्या चालीवर गेली.

"मागची पोरं पण माझ्यामागोमाग तेच वाजवायला लागली. नवरीची आई जी रडायला लागली, विचारू नका. बँडमास्तरने भर दारात क्लॅरिनेट काढून घेतलं माझ्या हातातून. दुसऱ्या दिवशी घरी आणून दिलं, पण मी हात लावला नाही. खलास."

आम्ही पोट धरून हसलो. ते हसले नाहीत, तेव्हा आम्ही ओशाळलो. कपाटावर क्लॅरिनेटची काळी पेटी होती.

"मग इथे कशाला आणलंत?" मी विचारलं.

"तिथे ठेवलं असतं तर कोणीतरी वाजवलं असतं," ते म्हणाले.

या वर्षी त्यांनी लीव्ह टाकली, व्हिसासाठी तीनदा फोटो काढले आणि जर्मनीला जाऊन म्हाताऱ्यांना प्रत्यक्ष ऐकून आले. पुढच्या शुक्रवारी आम्ही वर्णन ऐकायच्या तयारीने बसलो. त्यांनी एकच गोष्ट सांगितली.

"गिटारवाला म्हातारा चुकला, साहेब. एवढ्या लोकांसमोर भलतंच गाणं सुरू केलं. बाकीचे थांबले. तो हसला, हात वर केला आणि बरोबर गाणं पहिल्यापासून वाजवलं. आणि लोकांनी टाळ्या कधी वाजवल्या ठाऊक आहे? चुकला तेव्हा."

टीव्ही त्यांनी लावलाच नाही. बुटांसकट खुर्चीवर चढून पेटी खाली काढली. क्लॅरिनेट जोडायला बराच वेळ लागला. मग लग्नाची चाल सुरू झाली. दोन ओळी जेमतेम गेल्या, दम तुटला आणि दाराची बिजागरी करकरावी तसा आवाज आला. पास्कलभाऊ थांबले. मान खाली घालून क्लॅरिनेटचे तुकडे सोडवायला लागले.

वैशालीने टाळ्या सुरू केल्या. मग मीही.

"बस, खलास," ते पुटपुटले.

आम्ही थांबलो नाही. माझे तळहात चांगलेच चुरचुरले. तेव्हा कुठे त्यांनी रुमाल काढून आधी डोळे पुसले आणि मग क्लॅरिनेटचं तोंड.

"पहिल्यापासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून," वैशाली म्हणाली.