वालाच्या रोपाला मुदतवाढ

शालेय प्रकल्प मुलाने वेळ राखून करायचा असतो आणि पालकाने आदल्या संध्याकाळी उरकायचा असतो, ही आपल्या शिक्षणाची भक्कम परंपरा आहे. ती मोडणाऱ्यांचं काय होतं, हे मी चिंचणीत जवळून पाहिलं.

बोईसरच्या एका शाळेने सातवीला प्रकल्प दिला: 'वेळेचे नियोजन: वालाच्या रोपाचे पंधरवडाभर निरीक्षण'. बी भिजवायचं, पेरायचं, रोज उंची मोजायची. उत्तम प्रकल्पाला पालघरच्या प्रदर्शनात जागा. (प्रकल्प मुलाने स्वतः करावा, असंही छापलं होतं. काही वाक्यं छापायचीच असतात.)

उन्नती माझ्याकडे अभ्यासाला येते. तिची आई मंगला सुकी मासळी विकते. मुलीला पालघरला जायचंच होतं. त्या भरात तिच्याकडून अविचार घडला. प्रकल्प मिळाला त्याच दिवशी तिने वाल भिजत घातला. दिलेल्या तारखेला विताएवढं रोप आणि भरलेला तक्ता घेऊन ती शाळेत हजर.

बाकी कोणीच काही आणलं नव्हतं. एकटीचा प्रकल्प स्वीकारणं हा इतरांवर अन्याय ठरला असता. शिवाय पालकांच्या ग्रुपवर चंद्रभान नावाच्या एका वडिलांनी लिहिलं होतं, "सर, कंपनीत शटडाऊन आहे, थोडी मुदत मिळावी." (शटडाऊन कंपनीत होता, वाल कुंडीत पेरायचा होता, पण विनंती नम्र होती.) खाली अंगठ्यांची रांग लागली आणि मुदत वाढली. दुसऱ्यांदा ती गणपतीमुळे वाढली. तिसऱ्यांदा कोणीच मागितली नव्हती, तेव्हा खबरदारी म्हणून वाढवण्यात आली.

वालाला मात्र ग्रुपवर घेतलेलं नव्हतं. त्याने काठी ओलांडली, खिडकीचे गज धरले आणि तो फुलला.

"गुरुजी, शाळा ह्ये कदी घेनार?" मंगलाने मला विचारलं. "आता शेंगा धरतील. मग निरीक्षन नाय, भाजीच न्यावी लागल."

"आई, तोडू नको हां. मला उंची लिहायचीय."

"लिव. छपराची पन लिव."

अखेर प्रकल्प स्वीकारण्याचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी स्टेशनजवळच्या रोपवाल्याकडची विताएवढी सगळी रोपं संपली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे पंधरवड्याच्या उंच्या भरलेले तक्ते मिळत होते. नीलेश नावाच्या पालकांना वाल मिळाला नाही, म्हणून त्यांनी मिरचीचं रोप नेलं.

उन्नती आणि मंगला आपला वेल रिक्षातून घेऊन गेल्या. सरांनी तो अत्यंत काळजीपूर्वक तपासला. तक्त्यात रकाने पंधरवड्याचेच, शेवटची उंची एक वीत. समोर माणसाहून उंच वेल. पुढच्या नोंदींची पानं उन्नतीने जोडली होती, पण जोडलेल्या पानांना नियमात जागा नव्हती. 'नोंद व रोप यांत तफावत' असा शेरा पडला. पालघरला मिरची गेली. उंची अचूक होती.

परवा शाळेने नवा प्रकल्प दिला. "कधी सुरू करतेस?" मी उन्नतीला विचारलं.

"मुदत वाढू दे, गुरुजी," ती शांतपणे म्हणाली. "मग बघू."

एका धड्यात इतकं पक्कं शिकलेली मुलगी मी क्वचितच पाहिली. श्रेय माझं नाही, तुम्हा पालकांचं आहे. आणि हे वाचताना घरचा प्रकल्प आठवून तुम्ही उठायला निघाला असाल, तर बसा. मुलांसमोर असं काही करू नये.