सरांचा गुडघा आणि बाबांची गाडी

सरांनी क्लचवर पाय ठेवायला गुडघा उचलला आणि हॉर्न वाजला. त्यांनी पाय खाली घेतला, जरा थांबले, पुन्हा उचलला. पुन्हा हॉर्न.

"अहो, कोण आडवं आलंय?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंनी विचारलं.

"कोणी नाही. माझाच गुडघा आलाय."

सर सहा फूट दोन इंच उंच. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं, आणि पोरं पाठीमागे त्यांना मीटरपट्टी म्हणतात हे त्यांना पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. गाडी मात्र त्यांच्या सासऱ्यांची, एक्कावन्न वर्षांची. सासरे पाच फूट पाच इंच, आणि त्यांची लेक, म्हणजे काकू, त्याहून तीन इंच कमी. कॉलेजात असल्यापासून गाडी काकूच चालवत आल्या. लग्नाला चौतीस वर्षं झाली, तेवढी सगळी वर्षं सर शेजारच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन, घडी घातलेल्या छत्रीसारखे बसत होते. शाळेची व्हॅन त्यांनी कितीदा तरी चालवली होती, पण या गाडीचं स्टिअरिंग कधी हातात धरलं नव्हतं.

पण यंदा काकूंनी जुन्या गाड्यांच्या मेळाव्याचा अर्ज भरला. किती वर्षं मनात होतं त्यांच्या. अर्ज भरून आठवडा होत नाही तोच गाडीचं छत चकचकीत करायला त्या स्टुलावर चढल्या, स्टूल एका बाजूला गेलं, त्या दुसऱ्या, आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. गाडी मालकाने किंवा घरच्याच माणसाने चालवावी असा मेळाव्याचा नियम होता. मुलगी परदेशात. घरचं माणूस म्हणून उरले सर.

अर्जात आणखी एक ओळ होती: 'गाडी मूळ स्वरूपात आहे, तिच्यात कोणताही बदल केलेला नाही.' बदल सापडला तर गाडी दारातूनच परत. त्या ओळीखाली काकूंची सही होती.

"बाबांनी या गाडीचा एक स्क्रू हलवला नाही," काकूंनी खिडकीतूनच बजावलं. "तुम्हीही हलवायचा नाही."

"मी कशाला हलवू?"

"भिंतीवरचं घड्याळ तुम्हीच दुरुस्त केलंत ना? तेव्हापासून ते फक्त पावणेचारला वाजतं."

मेळावा रविवारी सकाळी नऊला. आज गुरुवार. संध्याकाळी सरांनी सरावासाठी गल्लीला एक फेरी मारली. दर वेळी गिअर बदलताना हॉर्न वाजे. समोरून येणाऱ्या एका आजोबांनी तीनदा बाजूला होऊन वाट दिली आणि चौथ्यांदा काठी रोखून विचारलं, "आता काय घरात जाऊन बसू?" सरांनी बूट काढून पाहिले. फरक पडला नाही. सीटवरची गादी काढून पाहिली, तर गुडघे आणखी वर आले आणि रस्ता दिसेनासा झाला.

रात्रभर त्यांच्या डोक्यात इंचांची वजाबाकी चालली होती. मेळाव्यात परीक्षक गाडी चालवून दाखवायला सांगतात. शंभर माणसांसमोर काकूंच्या बाबांची गाडी अशी भुंकत गेली तर?

शुक्रवारी दुपारी काकूंची धाकटी बहीण त्यांना प्लास्टर दाखवायला दवाखान्यात घेऊन गेली. "पाचपर्यंत येतो," काकू म्हणाल्या. त्यांची रिक्षा वळली आणि सर गाडी घेऊन निघाले. गॅरेज दीड किलोमीटरवर. हॉर्न एकोणीस वेळा वाजला. सवयीने त्यांनी मोजलं.

गॅरेजचा मालक सरांचा जुना विद्यार्थी. आता पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला, दोन मुलींचा बाप. पण गणितात दरवर्षी त्याला बरोबर पस्तीस मार्क पडायचे, म्हणून सर त्याला अजून पस्तीसच म्हणत.

"सर, तुमचा हॉर्न मला चौकातून ऐकू आला."

"पस्तीस, सीट मागे घ्यायची आहे. पण गाडीला नवं भोक पाडायचं नाही आणि गालिचा उचलायचा नाही. तुझ्या काकूंना कळता कामा नये."

"किती मागे?"

"थांब. आधी माप, मग काम." सर स्टुलावर बसले, पस्तीसने टेप धरला आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून कमरेपर्यंत अशी सरांची दोनदा मोजदाद झाली. सरांनी फरशीवर खडूने आकृती काढली, बेरीज केली, ताळा केला. "चार इंच."

पस्तीसने सीटचे बोल्ट काढले, रुळांवर लोखंडी पट्ट्या चढवल्या आणि सीट चार इंच मागे बसवली. ती बसली, पण तिची पाठ मागच्या सीटला जाऊन भिडली.

"मागची गादी काढू?" पस्तीस म्हणाला.

"आणि ठेवणार कुठे?"

"डिकीत."

डिकीत स्टेपनी होती. ती बाहेर काढली तेव्हा गादी आत गेली. आता स्टेपनी कुठे ठेवायची? ती मागच्या सीटच्या जागेवर मावली. पस्तीस दोन पावलं मागे सरकून बघत राहिला. स्टेपनी ऐटीत मागे बसली होती आणि सीट डिकीत निजली होती.

"परीक्षकांनी मागे पाहिलं तर?" सरांनी विचारलं.

"पाहुणे आहेत म्हणून सांगा."

सर आत बसले. पाय ऐसपैस पसरले. क्लच दाबला, सोडला, हॉर्न गप्प. सरांच्या चेहऱ्यावर ताळा जमल्याचं समाधान पसरलं. मग त्यांनी स्टिअरिंग धरायला हात पुढे केले, आणि हात बोटभर आखूड पडले. पायांचं माप घेताना हातांचं माप राहून गेलं होतं.

"पाठीला उशी देऊ." पस्तीसने गॅरेजच्या बाकावरची जाडजूड उशी आणली. ती पाठीमागे ठेवल्यावर सर पुढे आले. हात बरोबर पोचले. सरांनी क्लचवर पाय ठेवायला गुडघा उचलला.

हॉर्न वाजला.

पस्तीसने टेप काढून उशी मोजली. "चार इंच आहे, सर."

गॅरेजच्या भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते.

"सगळं जसं होतं तसं कर," सर म्हणाले. "रविवारी अनवाणी चालवीन, मांडी घालून चालवीन, पण गाडी पाचच्या आत दारात हवी."

पट्ट्या निघाल्या. सरांनी बोल्ट खडूच्या डबीत जपून ठेवले होते, ते त्यांनी मोजले. "सात."

"आठ होते."

"आठ होते हे मला माहीत आहे. हे सात आहेत."

दोघांनी गाडीखाली पाहिलं, सीटखाली पाहिलं, सरांच्या विजारीच्या दुमडीतही पाहिलं. शेवटी पस्तीसने गालिच्यावर हात फिरवला, तर एका फटीजवळ खाली उंचवटा लागला. बोल्ट आत घरंगळला होता. गालिचा उचलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

बोल्ट सापडला. पण पस्तीस तसाच ओणवा राहिला. "सर, हे बघा जरा."

सीटच्या भोकांच्या मागे, बरोबर दोन इंचांवर, आणखी आठ भोकं होती. मेणाने नीट बुजवलेली, वरून रंगाचा हात दिलेली. त्यांच्या कडेने पत्र्यावर रुळांचा जुना वळही दिसत होता. शेजारच्या सीटखाली पाहिलं, तिथेही तेच.

"कंपनीची भोकं ही मागची आहेत, सर. पुढची कोणीतरी नंतर हाताने पाडलीत. दोन्ही सीटा कधीतरी पुढे ओढल्यात."

सरांनी भोकांवरून बोट फिरवलं. बाबांनी एक स्क्रू हलवला नाही. काकू हे वाक्य लग्नापासून सांगत आल्या होत्या. "मागच्या भोकांत बसव," ते शेवटी म्हणाले. "आणि पुढची बुजव. मेणाने."

"दोन्ही सीटा?"

"दोन्ही. एका रांगेत दिसायला हव्यात."

दोन इंच मागे गेलेल्या सीटवर सरांचे पाय मावले आणि हातही पोचले. मागची सीट मागे गेली, स्टेपनी डिकीत गेली. पाचला पाच कमी असताना गाडी निघाली आणि वाटेत एकदाही हॉर्न वाजला नाही. सर मात्र आतून अस्वस्थ होते. सांगावं तर तिच्या बाबांची प्रतिमा जाते. न सांगावं तर ज्या ओळीखाली तिने सही केली ती खरी की खोटी, हे तिलाच ठाऊक नाही.

काकू फाटकात उभ्या होत्या.

"डॉक्टर काय म्हणाले?" सरांनी घाईने विचारलं.

"ते राहू द्या. गल्लीत वळताना हॉर्न वाजला नाही." काकूंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "किती इंच?"

सरांनी मान खाली घातली. "दोन."

काकू गाडीजवळ आल्या. दार उघडून त्यांनी गालिच्याची कड डाव्या हाताने जराशी उचलली आणि पुन्हा नीट बसवली. "बाबांनीही दोनच सरकवल्या होत्या. माझे पाय पोचत नव्हते ना क्लचला. मी एकोणीस वर्षांची होते, बोल्टची वाटी धरून इथेच उभी होते."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"म्हणून तर हात लावू नका म्हणत होते. अर्जावर खोटी सही करून बसले, आणि तेव्हापासून झोप नाही मला. कोणी गालिचा उचलला तर काय, हेच डोक्यात." त्यांनी दार लावलं. "आता ती सही खरी झाली म्हणायची."

रविवारी परीक्षकांनी बारीक डोळ्यांनी गाडी पाहिली. एकाने हातातल्या पुस्तकात बघत सीटपासून क्लचपर्यंत टेप लावला. सर टेपवरचे आकडे वाचू लागले. "तंतोतंत," तो म्हणाला. "बहुतेक लोक सीटा हलवून ठेवतात हो. असं जपलेलं क्वचितच दिसतं."

"बाबांचं श्रेय," काकू निर्विकारपणे म्हणाल्या. शेजारच्या सीटवर त्यांचे पाय जमिनीपासून दोन बोटं वर लोंबकळत होते.

घरी येताना मांडीवर मानचिन्ह घेऊन बसलेल्या काकूंनी ते उलटसुलट फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, "प्लास्टर पुढच्या गुरुवारी निघतंय. शुक्रवारी पस्तीसकडे जाऊ. सीट पुढे घ्यायची."

सरांनी गाडी हळू केली. "आणि मी?"

"फक्त चालवणाऱ्याची पुढे घ्यायची. शेजारची राहू दे मागेच." त्यांनी लोंबकळणाऱ्या पायांकडे पाहिलं. "चौतीस वर्षं गुडघे पोटाशी घेऊन बसलात, एकदा तोंडाने सांगायचं तरी."

"तू म्हणालीस, एक स्क्रूही..."

"अहो, घड्याळ तुम्ही मला विचारून उघडलं होतंत का?"

गल्लीचं वळण आलं. सरांनी क्लच दाबला, गाडी निमूटपणे वळू लागली. तेवढ्यात काकूंनी डावा हात लांब करून हॉर्न दाबला. समोरून येणारे आजोबा न बघताच भिंतीला लागून उभे राहिले.

"वाजवू द्या," काकू म्हणाल्या. "नाहीतर त्यांना कळायचं नाही, आपण आलो ते."