आजोबांचा डावा पाय

आजीला फक्त एक वाक्य सांगायचं, एवढंच मी ठरवलं होतं. मी मुळात कमी बोलते. (शाळेत हजेरीच्या वेळी मी ‘प्रेझेंट’ म्हणते, तेही टीचरना दोनदा विचारावं लागतं.) त्यामुळे माझ्या एका वाक्यानं आजोबा अर्धा तास दारात अडकून पडतील, हे मला कुठून कळणार?

आजोबांच्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन एप्रिलमध्ये मद्रासला झालं. झिजलेला सांधा काढून नवा बसवला. मग दहा दिवस काकांकडे राहून ते तंजावरला घरी आले. बरोबर एक वॉकर, एक उंच खुर्ची आणि काकांची मुलगी संगीता. वॉकर आमच्या गल्लीतला पहिलाच. समोरच्यांनी केबल टीव्ही घेतल्यापासून आजी त्यांच्या घराकडे बघत नसे, ती आता मुद्दाम बघू लागली.

संगीता माझ्याच वयाची, पंधरा वर्षांची. मी पावाडै-दावणीत, म्हणजे परकर-ओढणीत, ती सलवार-कमीजमध्ये. मद्रासच्या फिजिओनं तिला सगळे नियम शिकवून पाठवलं होतं. मांडी घालायची नाही, खाली बसायचं नाही, वाकायचं नाही. आजोबांनी चौतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. त्यांच्यासमोर मोठमोठे लोक अजून हाताची घडी घालून उभे राहतात. ते आजोबा वॉकर धरून कूडमच्या दालनभर चालायचे आणि संगीता मागून मोजायची, “वन, टू, थ्री, व्हेरी गुड, ताता.” आणि आजोबा चक्क लाजायचे. मला त्यांनी आजवर फार तर ‘स्पेलिंग बरोबर आहे’ एवढंच म्हटलं होतं. तेही एकदा. आणि तेव्हाही अक्षर वाईट होतं, असं पुढे जोडलं होतं.

ऑपरेशनच्या आधी रोज संध्याकाळी आजोबा आणि मी मोठ्या देवळाच्या हिरवळीवर जाऊन बसायचो. ते बोलायचे नाहीत, मीही बोलायची नाही. न बोलण्यात माझ्या तोडीचं घरात दुसरं कोणी नाही. त्यांच्या शेजारची ती जागा माझी होती. आता सहा आठवडे भरले, आणि रविवारी आजोबा पहिल्यांदा घराबाहेर पडणार होते, कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयार गणपतीपर्यंत. शेजारी कोण चालणार, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. संगीता, आणखी कोण.

शनिवारी ती त्यांना पायरीची रीत शिकवत होती. “चढताना चांगला पाय आधी, ताता. उतरताना ऑपरेशनचा.”

मी खांबाआड उभी होते. (मी बहुतेक वेळा तिथेच असते.) मी मनात हिशेब केला. आमच्या उंबऱ्यावरून बाहेर पडायचं म्हणजे एक पायरी खाली उतरायचं. म्हणजे ऑपरेशनचा पाय आधी. म्हणजे डावा.

आजी घेवडा मोडत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

“आजी, उद्या आजोबा डावा पाय आधी बाहेर टाकणार.”

“कोण म्हणतं?”

“संगीता.”

(हे दुसरं वाक्य ठरलेलं नव्हतं. पण ते पहिल्यापेक्षा गोड लागलं.)

आजी घेवड्याच्या शेंगा फार जोरात मोडू लागली.

रविवारी चार वाजता आजोबा नवीन वेष्टी नेसून, वॉकर धरून दारात आले. संगीता मागे. आणि उंबऱ्यावर आजी.

“उजवा,” आजी म्हणाली.

“आजी, फिजिओनं सांगितलंय, उतरताना डावाच. उजवा टाकला तर सगळा भार नव्या सांध्यावर येईल.”

“तुझ्या त्या फिजिओच्या घराला उंबरा आहे काय?”

“फ्लॅट आहे त्यांचा.”

“मग त्याला काय कळणार? सहा आठवड्यांनी माणूस घराबाहेर पडतोय. डाव्या पायानं?”

माझे वडील, अप्पा, बँकेत नोकरीला आहेत, त्यामुळे ते नेहमी मधला मार्ग काढतात. “मागच्या दारानं नेऊ या. तिथे पायरी नाही.”

“मागच्या दारानं केर जातो,” आजी म्हणाली.

“मला कोणी विचारणार आहे का?” आजोबा म्हणाले.

“नाही,” आजी आणि संगीता एकदम म्हणाल्या. संगीता आल्यापासून त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

सव्वाचार झाले. रविवारचा राहुकाळ साडेचारला लागतो, आणि तो लागला की सहापर्यंत आमच्याकडे कोणी बाहेरचं काम सुरू करत नाही. अप्पांनी मला पलीकडच्या घरातून रघुपती शास्त्रींना बोलवायला पाठवलं. ते झोपेतून उठून, उपरणं सावरत आले. नवी मूर्ती बघावी तसे वॉकरभोवती एकदा फिरले.

“शास्त्रात याच्याबद्दल काही नाही,” ते म्हणाले. मग थांबून, “याला पाय किती?”

“चार,” संगीता म्हणाली.

“आणि आधी बाहेर कोण पडतं? हा, की राव?” शास्त्रींनी आजोबांकडे बोट केलं.

“हा. हा पुढे ठेवायचा, मग ताता.”

“मग भांडण कसलं? आधी बाहेर पडणाऱ्याचा उजवा पाय आधी टाका. राव त्याच्या मागून येतायत, कसेही येवोत.”

आजीनं विचार केला. कोणीतरी उजव्या पायानं बाहेर पडत होतं, हे तिला पटलं. “थांबा, त्याला हळद-कुंकू लावते,” म्हणून ती आत गेली. ती करंडा घेऊन आली तेव्हा अप्पा घड्याळाकडे बघत होते. चार एकतीस.

आजोबा परत उंच खुर्चीत जाऊन बसले. दीड तास. नवीन वेष्टीत. माझ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं. मी पुन्हा खांबाआड गेले.

सहाला आजीनं वॉकर तिरका करून त्याचा हळद-कुंकू लावलेला उजवा पाय आधी बाहेर टेकवला, मग बाकीचे तीन. मागोमाग आजोबांनी डावा पाय टाकला, आणि आजीनं तेवढ्यापुरते डोळे मिटून घेतले. संगीता पुढे झाली.

“तू बस, संगीता,” आजोबा म्हणाले. “सीतू येईल.”

मी कशी बाहेर आले, मला आठवत नाही. (उजवा पाय की डावा, देव जाणे.) गल्लीतले लोक ओट्यांवर येऊन बघत होते. संगीता दारात उभी राहून बघत होती, आणि तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मला तिची दया यायला हवी होती. मी ती उद्यावर टाकली.

पिळ्ळैयारपाशी आजोबा दम घ्यायला थांबले. मी सगळा धीर गोळा केला.

“आजोबा, मलाच का आणलंत?”

“संगीता आली असती तर तू घरी राहिली असतीस ना?”

“हो.”

“आजीजवळ?”

“हो.”

“म्हणून,” वॉकर घराच्या दिशेला वळवत आजोबा म्हणाले. “मला आज परत घरातही शिरायचं आहे.”