बास शिकायचा आहे

वाद्यासाठी योग्य शिक्षक कसा शोधावा, हे कुणीही मला विचारावं! सतराव्या वर्षी मी घरात छाती पुढे काढून जाहीर केलं होतं, "कॉलेजात माझे सर मी स्वतः शोधणार!"

वाद्य होतं डबल बास. व्हायोलिनचा खापरपणजोबाच म्हणा. माणसाहून उंच आणि आवाज थेट पोटातून. वडील तो नाटकाच्या वाद्यवृंदात वाजवायचे. त्या डिसेंबरात ते गेले आणि बास आमच्या एकुलत्या एका खोलीत उभा राहिला. आई त्याच्याकडे बघून रडायची. आत्या त्याला अडखळून पडायची.

"कॉलेजनं तुला घेतलं तर ठेव," आत्या म्हणाली. "नाहीतर सुताराला देते. लाकूड चांगलं आहे, कपाट होईल."

माझ्या वडिलांचं कपाट! मी तडक संगीत कॉलेजची प्रवेशाची खिडकी गाठली.

"वाद्य?" कारकुनानं विचारलं.

"बास."

"बास काय? आत्ता कुठे पहिला प्रश्न विचारला!"

"अहो, बास!"

"बरं बाई, गप्प बसतो. पण वाद्य?"

"तेच सांगतेय! बास! बास!" मी रडकुंडीला आले.

त्याला दया आली. "कळलं, कळलं. लाजून अर्धंच बोलताय. खोली बारा. जूनमध्ये वाद्य घेऊन या."

पाहिलंत? चुटकीसरशी काम फत्ते!

जूनमध्ये मामा आणि मी बासची काळी, लांबलचक पेटी दोन टोकांना धरून कॉलेजात शिरलो. व्हरांड्यातली माणसं एकदम उभी राहिली. कुणी टोपी काढली, एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"कुणाचं हो?" एका गृहस्थांनी हळूच विचारलं.

"आमच्या दाजींचं," मामा धापा टाकत म्हणाला.

"अरेरे! कधी गेले?"

"डिसेंबरात."

गृहस्थांनी बोटं मोजली, नाकाला रुमाल लावला आणि भिंतीला चिकटले. जिन्यापर्यंतची वाट आपोआप मोकळी झाली!

खोली बारामध्ये काडीसारखे एक वृद्ध सर होते आणि तीन-चार मुली. प्रत्येकीच्या हातात बासरी!

"तुझी आणलीस?" सरांनी खोकत विचारलं.

मामानं पेटीचं झाकण उघडलं. सर बराच वेळ आत बघत राहिले. "हिला फुंकायचं कुठून?"

कारकुनाला बोलावलं. "बासचे सर?" तो म्हणाला. "ते मार्चमध्येच वारले की! तुम्हाला बासरी म्हणायचं होतं असं वाटलं मला."

मला डोळ्यांसमोर सुताराचा रंधा दिसला. मी मटकन खालीच बसले आणि भोकाड पसरलं. सरांनी वाकून बोटानं जाड तार छेडली. खिडक्यांच्या काचा घुमल्या.

"मला हे वाजवता येत नाही," ते म्हणाले, "पण तू बेसूर झालीस तर नक्की सांगेन. चालेल?"

"पळेल!" मी म्हटलं.

फार मायेनं शिकवलं हो त्यांनी. पण छाती अधू. तिसऱ्या वर्षी तेही गेले.

मी घरी येऊन हमसून रडले. आत्या बासकडे बघत मागे सरकली.

"आता सुताराला देशील?" मी विचारलं.

"छे गं! तुझे वडील, ते बासचे सर, आता हे सर! सुताराला बायकापोरं आहेत!"

बास वाचला. पण शिकवणार कोण? पुन्हा खिडकी गाठली. कारकुनानं आवाज खाली आणला.

"ताई, पियानोच्या बाईंना तुमचं नाव सांगितलं. त्यांनी रजा टाकली."

"आणि गायनाचे सर?"

"ते मृत्युपत्र करायला गेलेत."

शेवटच्या वर्षी मग माझी मीच शिकले आणि पासही झाले. आज सत्तरी उलटली, तरी रोज वाजवते. शिकवणारीची प्रकृती अगदी ठणठणीत आहे!

परवापासून जरा खोकला येतोय. पण तो हवेचा असेल.